एक्केचाळीस टक्के गुडघा

आमच्या मास्तरांच्या उजव्या गुडघ्यात एक्केचाळीस टक्के शिल्लक होतं, आणि मुरांब्याची बरणी फडताळात उंच ठेवावी तसं ते त्यांनी जपून ठेवलं होतं.

मास्तर म्हणजे माझे यजमान, आदगोंडा मगदूम. जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला. नकाशावर सह्याद्री दाखवायचा आणि सुटी लागली की तोच सह्याद्री पायाखाली घालायचा, असा माणूस. रोज संध्याकाळी आम्ही दोघं रंकाळ्याला फेरी मारायचो, पौर्णिमेला बाहुबलीचा डोंगर चढायचो. चालताना ते बोलायचे आणि मी भांडायची. आमचा संसार म्हणाल तर त्या चालण्यातच झाला, कारण घरात बसायला मला वेळ कुठं होता? उद्यमनगरात आमचं इंजिनांचं वर्कशॉप आहे. माझ्या वडिलांनी काढलं, माझ्या भावांना नको होतं, मी घेतलं. 'बाई इंजिन खोलती' म्हणून बघायला येणारे आता म्हातारे झाले. मी अजून खोलतेच आहे.

तीन वर्षांमागं मास्तरांचा गुडघा बदलला. ऑपरेशन झकास झालं. महिन्याभरात माणूस जिना चढायला लागला. पण आताशा जे गुडघे बसवतात त्यांत 'कान' असतो. तो आतून ऐकतो आणि फोनवर आकडा दाखवतो, की या गुडघ्याचं आयुष्य अजून इतकं उरलंय. मास्तरांचा गुडघा शंभरावर सुरू झाला. हे त्याच जोशात डोंगर चढले, उतरले, पन्हाळ्याला जाऊन आले, नातेवाइकांच्या लग्नात नाचलेसुद्धा. वर्षाच्या आत आकडा साठावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नव्या गुडघ्यात सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, भाग एकमेकांत बसतात तोवर, मग थांबतो. पण मास्तरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी फक्त साठ ऐकलं.

तिथून पुढं रंकाळा सुटला. डोंगर सुटला. भाजीला जायचे ते बंद झाले. आकडा एक्केचाळीसवर आला तेव्हा तर त्यांनी एक पाटावर आणि एक उशीवर अशी पायाची सोय लावून घेतली आणि खिडकीतून जगाचा भूगोल बघत बसले. कुणी विचारलं तर फोन काढून आकडा दाखवायचे. स्वभावाला काही झालं नव्हतं, हसायचे, चेष्टा करायचे. पण मी संध्याकाळी वर्कशॉपमधून आले की दोघं मिळून बाहेर पडायचो, ते गेलं ते गेलंच.

मला माझा चालणारा नवरा परत पाहिजे होता. एवढीच गोष्ट आहे. बाकी शर्यत, ढाल, इंजिन हे सगळं त्या वाटेवर आलं म्हणून सांगते.

आता हा कान काय प्रकार आहे ते सांगायला पाहिजे, कारण तो गुडघ्यात जायच्या आधी आमच्याच धंद्यात आला.

एक तार घ्या आणि वाकवा. काही होत नाही. उलटी वाकवा, तरी काही होत नाही. असं करत राहिलात की एका वेळी ती पटकन तुटते. शेवटच्या वेळी तुम्ही काही जास्त जोर लावलेला नसतो. तार थकलेली असते. इंजिनातला दांडा, म्हणजे पिस्टनला फिरत्या शाफ्टला जोडतो तो, मिनिटाला हजारो वेळा असाच ओढला आणि दाबला जातो. त्याच्या पोटात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, एकेक करून वाढतात, आणि एक दिवस दांडा तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मी तसले दोन-तीन बघितलेत. बघून जेवण जात नाही.

पण धातू मुकाट्यानं थकत नाही. प्रत्येक भेग उघडताना बारीक 'चट्' आवाज होतो, आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, चिनी मातीच्या जातीचा थर तयार झाला. तो दांड्यावर, शाफ्टवर चढवायचा. 'चट्' झालं की त्या थरात किंचितशी वीज तयार होते. संगणक त्या आवाजांची जातकुळी ओळखतो, कारण त्याला आधी हजारो दांडे तुटताना ऐकवलेले असतात. तो सांगतो, याचं एवढं उरलं. गुडघ्यात धातूच्या जोडीला प्लास्टिकची गादी असते, तिथंही तोच थर, तोच हिशेब.

माझ्या वडिलांचा एक नेम होता. कागदावर जाडी किती का निघेना, करताना अंगाला थोडी जास्तच ठेवायची. कारण ताण थोडा वाढला तर आयुष्य थोडंच घटतं असं नाही. ते धाडकन घटतं. ताण दहावा हिस्सा वाढवा, आयुष्य निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली. आणि नेमकं किती ते कुणालाच माहीत नसायचं. म्हणून जाडी जास्त ठेवायची, वजन जास्त सोसायचं, वेग थोडा सोडायचा. आमची इंजिनं शर्यतीत कधी सगळ्यात पुढं नसायची, पण बंद पडून रस्त्यात उभीही राहायची नाहीत. 'मगदूमबाईंचं इंजिन दमानं जातंय' असं लोक म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही.

कान आला आणि ती जास्तीची जाडी एका दिवसात फुकट गेली. जे माहीत नव्हतं म्हणून जागा सोडली होती, ते आता माहीत झालं होतं. मग कुणीतरी डोकं लढवून कानाला नियंत्रणाची पेटी जोडली. पेटीला सांगायचं, शर्यत इतक्या फेऱ्यांची आहे. ती प्रत्येक ठोक्याला किती इंधन, कधी ठिणगी हे अशा बेतानं ठरवते की शेवटच्या फेरीला आयुष्य बरोबर संपावं. शर्यत संपल्याचं निशाण ओलांडल्यावरही इंजिनात काही उरलं, तर तेवढी ताकद तुम्ही फुकट घालवली. शून्य आलं की पेटी स्वतः ठिणगी तोडते, म्हणजे दांडा बाहेर येऊन कुणाच्या जिवावर बेतत नाही. तेवढ्याच वजनाचं इंजिन पहिल्यापेक्षा दीडपट जोर द्यायला लागलं. रस्त्यावरच्या गाड्या तोवर सगळ्या विजेच्या झाल्या होत्या. उसाच्या स्पिरिटवर धडधडणारी इंजिनं उरली होती ती आमच्यासारख्या खुळ्यांपुरती आणि शर्यतीपुरती. त्या खुळ्यांनी कान डोक्यावर घेतला.

आमची पद्मजाही त्यातलीच. एकुलती एक लेक. बापाची उंची आणि माझं तोंड घेऊन जन्माला आली. वर्कशॉपच्या गाडीवर ती शर्यत चालवते. आधी ती बुडानं गाडी चालवायची. म्हणजे बसल्या जागी इंजिनाची थरथर कळायची, कुठं ओढायचं आणि कुठं सोडायचं ते तिला आपोआप समजायचं. कान बसवायचा हट्ट तिचाच. मी नको म्हणत होते. मास्तर म्हणाले, आकडा माहीत असलेला बरा. दोघांनी मिळून मला हरवलं.

कान बसला, चाकामागं आकडा दिसायला लागला, आणि आमची वाघीण मांजर झाली. पेटी एकूण आयुष्य शेवटपर्यंत पुरवते, पण कुठल्या वळणाला जास्त घालायचं हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. पदूला घालवतच नव्हतं. सारखं 'पुढं लागेल' म्हणून राखायची. लोक वळणावर मुसंडी मारत असताना ही मागं बसून आकडा बघत राहायची. ती आता गाडी चालवत नव्हती, महिनाअखेरीचा संसार चालवत होती. शेवटी हातात आकडा भरपूर उरायचा आणि नंबर पाचवा.

जेवायला बसलं की एकीकडं बाप फोन बघतोय, दुसरीकडं लेक तिच्या शर्यतीचा आलेख बघतेय. दोघं एकमेकांना आकडे दाखवून माना डोलवायचे. त्या घरात माझा मिक्सर तेवढा बिनघोर चालला होता, कारण त्याचं किती उरलंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी मास्तरांना न सांगता डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. त्यांनी आकडे मांडून दाखवले. आहे तसं बसून राहिले तर गुडघा अठरा वर्षं जाईल. रोज चालले, अधूनमधून डोंगर चढले, तर चौदा. आणि हळूच म्हणाल्या की कान फक्त गादीचं ऐकतो, बसून बसून मांडीचे स्नायू सुकतात ते त्याला ऐकू येत नाही. मी घरी येऊन मास्तरांना सगळं सांगितलं. म्हटलं, चार वर्षांचा फरक आहे, तुम्ही सहासष्टचे.

ते शांतपणे म्हणाले, "मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी मला गुडघा लागणार नाही होय?"

मी कपाळाला हात लावला आणि पोळ्या लाटायला गेले.

आता ढालीचं सांगते. उद्यमनगरची ढाल ही आमच्याकडची जुनी शर्यत. गावाबाहेरच्या माळावर ट्रॅक आहे तिथं होते. ती सुरू केली विहिरीवरची ऑइल इंजिनं करणाऱ्या कारखानदारांनी. त्यांच्या काळी इंजिन पळतंय किती याला किंमत नव्हती, गिऱ्हाइकाच्या विहिरीवर ते टिकतंय किती याला होती. म्हणून रीत अशी पडली की ढाल माळावर द्यायची नाही. जिंकलेल्या गाडीनं स्वतःचं इंजिन चालवत माळावरून उद्यमनगरच्या चौकात यायचं. पुढं हलगी, वर गुलाल, दारोदारी बायका चाकांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. चौकात आल्यावर ढाल. पहिली गाडी बंद पडली तर दुसरीला. पहिलवान कुस्ती मारून पालखीत घरी आला तर कसं दिसेल? तसंच.

गेली कैक वर्षं कुणाची गाडी वाटेत बंद पडली नव्हती. सगळ्यांच्या इंजिनात अंगाला जास्त ठेवलेलं असायचं, त्यामुळं पाच-सहा किलोमीटरचा तो रस्ता कुणी जमेत धरायचाच नाही. घरी यायचं असतं, हे काय सांगायला लागतं?

त्या वर्षी ढालीला पहिल्यांदा सगळ्यांना कानाची परवानगी मिळाली. कोइमतूरची एक तगडी टीम आली होती, पुण्याच्या दोन, बाकी आमचे उद्यमनगरचे. प्रत्येक गाडीचा उरलेला आकडा मोठ्या फलकावर सगळ्यांना दिसत होता. मी ट्रॅकशेजारी दुरुस्तीच्या जागेत, म्हणजे पिटमध्ये, कानाला पदूशी बोलायचा फोन लावून. मास्तर शेजारी घडीच्या खुर्चीत, पाय तेलाच्या डब्यावर, डब्यावर उशी. उशी घरून आणली होती.

पदूनं पहिली अर्धी शर्यत नेहमीसारखी कंजुषीनं काढली. पण तेवढ्यात दोन गाड्यांनी उधळमाधळ केली आणि त्यांचे आकडे खाली आले. ही आपसूक दुसऱ्या नंबरला पोचली. पुढं फक्त कोइमतूरचा. शेवटच्या चार फेऱ्या राहिल्या तेव्हा फलकावर त्याच्यापुढं पाच होतं, आमच्यापुढं सात. राखलेलं खर्चायची वेळ आली होती, आणि सात हे पाचापेक्षा जास्त असतं हे मला शाळेत न जाता कळत होतं.

तेवढ्यात पिटच्या मागं हलगीवाल्यांनी जाळ करून हलग्या शेकायला घेतल्या. मिरवणुकीची तयारी. तो कडकड आवाज कानावर आला आणि मी गर्रकन मागं वळले. घरी कसं जायचं? पेटीला मी फेऱ्या सांगितल्या होत्या निशाणापर्यंतच्या. तिथं शून्य. चौकापर्यंतचा रस्ता तिला कुणी सांगितलाच नव्हता. मी शेजारच्या पिटमध्ये डोकावले. त्यांचंही निशाणापर्यंतच. पलीकडच्यांचंही. अख्ख्या उद्यमनगरनं, जे जन्मभर टिकाऊ इंजिनाच्या गप्पा मारत आले, त्यातल्या एकानंही घरी यायचं धरलं नव्हतं. बाहेरच्यांना तर रीतच नवी.

ढालीच्या मंडळाचे अध्यक्ष दस्तगीर शिकलगार, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, वडिलांच्या जोडीचे मेस्त्री. गुलालाचं पोतं घेऊन ते तिथंच बसले होते. मी धावत जाऊन विचारलं की चाचा, घरी चालत यायचं हे नियमात लिहिलंय का कुठं. ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी विचारलं होतं, जेवण तोंडानं जेवायचं हे लिहिलंय का. लिहिलं नव्हतं. पण रीत होती, आणि चाचा असेपर्यंत रीत हलणार नव्हती.

परत येऊन मी मास्तरांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मला आमच्या लग्नातले मास्तर आठवले.

"इंदू," ते म्हणाले, "तीन टक्के राखायला सांग पोरीला. घरी जायला तेवढं पुरेल. हे सगळे निशाणावर बसणार. दुसरी आली तरी चालत येणारी गाडी एकटी आपली. ढाल आपली!"

आणि ते खरं होतं. सगळा हिशेब चोख होता. सातातले तीन राखले तर चार उरतात, चारात पाचवाल्याला गाठणं होत नाही, पण गाठायची गरजही नव्हती. वडिलांची रीत, मास्तरांची उशी आणि माझा धंदा, सगळे एकाच बाजूला उभे होते. मीसुद्धा त्याच बाजूची. जन्मभर टिकणारं इंजिन करत आलेली बाई.

मी पदूला फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. घरी जायचं कुणी धरलेलं नाही, तीन राखलेस तर ढाल मिळते, नाही राखलेस तर ढाल जाते. मग तिचा आवाज आला, लहानपणी जत्रेत पाळण्यावर बसायला मागताना यायचा तसला.

"आई, मी त्याला गाठू शकते. मला कळतंय बसल्या जागी. पण तू म्हणशील तसं. ठेवू का घालू?"

किती दिवसांनी ती आकडा न सांगता 'कळतंय' म्हणाली होती. मी मास्तरांकडं बघितलं. खुशीत होते बिचारे. पाय उशीवर, फोन मांडीवर, आणि फोनवर तो एक्केचाळीसचा आकडा, जो चौऱ्याऐंशीव्या वर्षी कुठंतरी जायला लागणार होता. मला एकदम इतका राग आला आणि इतकं भरून आलं की दोन्ही एकदम कसं येतं मला माहीत नाही.

"घाल सगळं," मी म्हणाले. "माझ्यासाठी काही मागं ठेवू नको. जे आहे ते आज घाल."

मास्तर माझ्याकडं बघतच राहिले.

मग पदूनं जे केलं ते बघायला माझे वडील असायला पाहिजे होते. पुढच्या दोन फेऱ्यांत ती त्याच्या बुडाला जाऊन चिकटली. शेवटच्या फेरीला, ओढ्याकडच्या वळणावर, जिथं त्यानं इंजिन सांभाळायला जोर किंचित सोडला, तिथं ही आतल्या अंगानं घुसली. माळावरची माणसं उभी राहिली. निशाणाला ती अर्ध्या गाडीनं पुढं होती. फलकावर तिच्यापुढं शून्य लागलं आणि इंजिन गप्प झालं. त्याच्या मागोमाग त्याचंही. मग तिसऱ्याचं, चौथ्याचं. एकेक गाडी निशाण ओलांडायची आणि आवाज बंद करून घरंगळत उभी राहायची. माळावर इतकी शांतता पडली की हलगीवाल्यांचा जाळ तडतडताना ऐकू यायला लागला.

आठ गाड्या ओळीनं मेलेल्या. चालणारं इंजिन एक नाही. ढालीच्या इतिहासात असं झालं नव्हतं. सगळे चाचांकडं बघायला लागले. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. म्हणाले की रीत ती रीत, चालत घरी येईल त्याला ढाल, कुणीच येत नसेल तर यंदा ढाल कपाटात राहील. कोइमतूरची पोरं मुकाट्यानं गाडी चढवायला ट्रॉली आणायला निघाली. आमचेही काही जण टेम्पोला फोन करायला लागले. पदू गाडीतून उतरून टायरवर बसली होती, घामानं चिंब, पण तिचं तोंड असं उजळलं होतं की मला बाकी कशाचं काही वाटेना. वाईट एकच वाटत होतं, की एवढं मारून पोरगी टेम्पोत बसून घरी जाणार.

तेवढ्यात मास्तरांनी डब्यावरचा पाय खाली घेतला. उशी घडीच्या खुर्चीवर ठेवली. लंगडत नव्हे, सावकाश, पण सरळ चालत ते गाडीपाशी गेले आणि मागच्या पंखावर दोन्ही हात ठेवले. मी धावले. म्हटलं, अहो, काय करताय, गुडघा.

ते वळले आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "इंदू, मघाशी तू पोरीला बोललीस ते मला होतं ना?"

"हो."

"मग सरळ सांगायचंस की."

"दोन वर्षं सांगतेय."

ते हसले. "बस गं पदू आत, चाक धर," म्हणाले आणि ढकलायला लागले.

एकटा माणूस गाडी कशी ढकलणार? मी हात लावला, वर्कशॉपचे लोक धावले, गाडी हलली. हलगीवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ठोका धरला. हलगी वाजल्यावर कोल्हापूरचा माणूस जागेवर उभा राहत नाही. शेजारच्या पिटवाल्यांनी आपली गाडी ढकलायला घेतली. मग पुढच्यांनी. कोइमतूरच्या पोरांनी ट्रॉली तशीच सोडली, आपसात काहीतरी बोलले आणि खांदा लावला. माळावरून गाड्यांची रांग निघाली, एकाही इंजिनाचा आवाज नाही, नुसती हलगी आणि माणसांच्या धापा. चाचा गुलालाचं पोतं घेऊन रिक्षात बसून पुढं.

सपाटीवर ठीक होतं. ओढ्यावरच्या पुलाचा चढ आला तेव्हा जीव निघाला. कोइमतूरवाले आमच्या पुढं जायला बघत होते. सगळी तरणीबांड पोरं. पदू आतून ओरडून सांगत होती की डावीकडं घ्या, डावीकडं चढ कमी आहे. मास्तरांच्या खिशातला फोन चढावर मध्येच वाजला. एक टक्का उतरला की तो तसा वाजतो. मी म्हटलं, आता बास झालं, सोडा, बाजूला व्हा. त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले की ठेव तुझ्याकडं, मला इथं काम आहे. आणि त्या पुलावरून, भूगोलाचा मास्तर, सहासष्ट वर्षांचा, दात-ओठ खात, त्या पोरांच्या बरोबरीनं गाडी वर घेऊन गेला. मी मागून ढकलत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. दोन्ही चाललं होतं.

चौकात आम्ही पहिले पोचलो. बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. निम्म्या जणींना कळत नव्हतं की मिरवणूक आलीय की अपघात झालाय. तरी त्यांनी चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. चाचांनी मूठ भरून गुलाल आधी पदूवर टाकला, मग मास्तरांवर. ढाल मात्र दिली नाही. म्हणाले, "पोरी, शर्यत तुझी, पण इंजिन चालत आलं नाही." पदूनं वाकून त्यांच्या पाया पडून विचारलं की चाचा, पुढच्या वर्षी पेटीला चौकाचं सांगितलं तर चालेल का? चाचा म्हणाले की सांग, पण मग माळावर पुढं कशी येशील ते तुझं तू बघ. त्यावर दोघं हसायला लागले. मग कोइमतूरची पोरं आली, त्यांच्यावरही गुलाल पडला, त्यांना कुणीतरी मिसळ खायला घेऊन गेलं आणि त्या मिसळीनं त्यांना शर्यतीपेक्षा जास्त घाम फोडला.

मास्तर चौकातल्या कट्ट्यावर बसले होते. केस लाल, शर्ट लाल, गुडघा चांगलाच सुजला होता. मी बर्फ आणून लावला. ते हात पुढं करून म्हणाले की बघू, किती झालं ते सांग.

मी फोन बघितला. "चाळीस."

त्यांनी एकदा मिरवणुकीकडं बघितलं, एकदा पदूकडं.

"स्वस्तात पडलं," ते म्हणाले.

मी रिक्षाला हात केला तो त्यांनी खाली घेतला. आमच्या घरापर्यंत दोन गल्ल्या आहेत. माझ्या खांद्यावर हात टाकून, थांबत थांबत, ते चालत आले. वाटेत चाचांनी ढाल द्यायला पाहिजे होती की नव्हती यावर आमचं घरापर्यंत भांडण झालं.